पाचव्या पानावरचा ताजा कलम

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

माझं वय 54. साधनेला लागून 11 वर्षं झाली. पहाटे 4 ला उठते, दीड तास ध्यान, मग जप. यात खंड पडू दिलेला नाही. गेल्या महिन्यात आमच्या साधनागटात नवीन लोकांना ध्यान शिकवण्यासाठी एका मुलीची निवड झाली. ती 2 वर्षांपूर्वी आली, तेव्हा पाठ ताठ ठेवून कसं बसायचं हे तिला मीच दाखवलं होतं. तिचं नाव जाहीर झालं तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या मी वाजवल्या आणि घरी येऊन ढसाढसा रडले. निवड झाली नाही याचं दुःख होतंच, पण इतक्या वर्षांनंतरही आपल्यात हे एवढं शिल्लक आहे, याचा धक्का जास्त बसला. अहंकार घालवायला मी काय नाही केलं? सगळे गेल्यावर सभागृह झाडते, चपला ओळीत लावते, कुणी पाया पडायला वाकलं तर मागे सरते, 'मी अजून काहीच नाही' असं म्हणते. पण झाडतानाही दाराशी कुणी उभं आहे का, इकडे एक डोळा असतोच. हा अहंकार मुळासकट मारायचा कसा? की माझी साधनाच खोटी आहे, ती सोडून देऊ?

ता. क. आमचे हे म्हणतात, 'तू हे सगळं सुरू केल्यापासून तुझ्याशी बोलायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.' त्यांना या मार्गाची ओढ नाही, त्यामुळे मी ते मनाला लावून घेत नाही.

— एक साधिका

प्रिय ताई,

तुमचं पत्र पाच पानी. जवळजवळ सगळं अहंकाराबद्दल, आणि अगदी शेवटी दोन ओळींचा ताजा कलम. (वर छापताना पुष्कळ कापावं लागलं, राग मानू नका.) मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. वही तपासायला घेतली की आधी मागचं पान उघडायचं, ही तेव्हाची खोड अजून गेलेली नाही. मुलांच्या मनातलं तिथे सापडतं. तुमच्याही मागच्या पानाकडे मी येणार आहे. पण आधी तुम्ही जे विचारलंय त्याचं बघू, नाहीतर म्हणाल, बाईंनी भलतंच काढलं.

साधना खोटी आहे का? मला नाही वाटत. आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, कारण पुढचं वाचून तुम्हाला फारसं बरं वाटणार नाही.

संयुत्त निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात खेमक नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. खेमक आजारी होता. कौशांबीच्या थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंनी दासक नावाच्या एका भिक्खूला त्याच्याकडे धाडलं. आधी तब्येतीची चौकशी, मग हळूहळू तत्त्वाचे प्रश्न. बिचाऱ्या दासकाच्या खेपांवर खेपा झाल्या. शेवटी खेमक म्हणाला, पुरे ही ये-जा, माझी काठी आण. आणि आजारी अंगानं स्वतःच चालत थेरांसमोर गेला. तिथे त्यानं सरळ सांगितलं की रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान (बौद्ध मतानं माणूस या पाचांचा बनतो) यांतल्या कशालाही मी 'हा मी' असं धरत नाही. तरीही 'मी आहे' हा भाव माझ्यातून गेलेला नाही. हे कसं, ते समजावताना त्यानं मळक्या कापडाचा दृष्टान्त दिला. धोबी कापडाला खारी माती, क्षार, शेण लावून घासतो आणि स्वच्छ पाण्यात खळबळून काढतो. कापड स्वच्छ होतं, पण त्याला वास राहतो. कसला? मळाचा नव्हे. ज्यानं धुतलं त्या खारीचा, क्षाराचा, शेणाचा. मालक ते सुगंधी पेटीत ठेवून देतो, तेव्हा कुठे तो वास जातो.

ताई, तुमच्या कापडाला साबणाचा वास येतोय.

तुम्ही कशासाठी रडलात ते बघा. पैशासाठी नाही, दागिन्यासाठी नाही, कुणी रूपाला नावं ठेवली म्हणून नाही. ते मळ बहुधा बरेचसे निघाले असावेत. रडलात ते 11 वर्षं, पहाटेचे 4, न पडलेला खंड आणि ताठ पाठ यांच्यासाठी. ही सगळी धुण्याची साधनं. त्यांचाच वास उरलाय. त्यामुळे 'कापड फेकून देऊ का' हा तुमचा प्रश्न मला जरा उतावळा वाटतो. पण अजून जास्त साबण लावून तो वास जाईल, हेही खरं नाही, आणि तुमचा कल तिकडे दिसतोय. मी 4 च्या ऐवजी 3 ला उठते, सभागृहाबरोबर आता जिनाही झाडते, असं पुढचं पत्र मला यायला नको.

हे फक्त तुमचं झालंय असं समजू नका. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात हे एका ओवीत सांगून टाकलंय: 'नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं । सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ॥' अहंकार अडाण्याच्या मागे फारसा लागत नाही, जाणत्याच्या गळ्याला झोंबतो. मला यातला 'नवल' हा शब्द फार आवडतो. इथे रागावून बोलणं नाही, आश्चर्यानं बघणं आहे.

आजच्या मानसशास्त्रालाही हे आढळलंय. जर्मनीतल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. योग शिकणाऱ्या 93 जणांना त्यांनी 15 आठवडे पुन्हा पुन्हा विचारलं की वर्गातल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही स्वतःला कुठे ठेवता. कधी योगवर्ग नुकताच संपलेला असताना विचारलं, कधी दिवसभर योग केलेलाच नसताना. अपेक्षा अशी की योगानं 'मी' जरा निवावा. निघालं उलटं. वर्ग करून उठलेली माणसं स्वतःला इतरांहून वरचढ समजण्याकडे जास्त झुकत होती. ध्यान करणाऱ्यांच्या दुसऱ्या गटातही तसंच. शिवाय त्यांना बरंही वाटत होतं! म्हणजे ध्यानातून उठल्यावर जे प्रसन्न वाटतं, त्यात थोडा वाटा 'आपण चांगलं काहीतरी केलं, इतरांनी नाही' याचाही असू शकतो. मी हे वाचलं तेव्हा हसले, आणि मग हसायचं थांबले, कारण मला माझ्या वहीची आठवण आली.

सांगतेच. चाळिशीत मला राग आवरायचा ध्यास लागला होता. एका छोट्या वहीत मी रोज खूण करायची, आज मी कुणावर आवाज चढवला नाही, आज कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही, वगैरे. लागोपाठ 40 खुणा झाल्या. चाळिसाव्या दिवशी मी ही गोष्ट तीन जणींना सांगितली. तिसरीनं मन लावून ऐकलं नाही, म्हणून तिच्यावर चिडले. वही अजून आहे माझ्याकडे. एकेचाळिसाव्या चौकोनात काहीच नाही.

तुमच्या झाडण्याचंही असंच होतंय. सातव्या शतकात सिनाईच्या मठात योहान नावाचा एक संन्यासी होऊन गेला. या खोट्या मोठेपणाबद्दल तो म्हणतो की उपवास केला तर त्याचा गर्व होतो, लोकांना कळू नये म्हणून उपवास सोडला तर आपल्या शहाणपणाचा गर्व होतो. बोललो तरी हरतो, गप्प बसलो तरी हरतो. त्यानं याला तीन टोकांच्या काट्याची उपमा दिलीय: कसाही टाका, एक टोक वर राहतंच. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळक्या रानात अनवाणी चाललेल्यांना सराटा म्हणजे काय ते सांगायला नको. सराट्याला पालथा करून उपयोग नसतो, त्याला पालथी बाजूच नसते. तुम्ही नमस्कार घेतला तरी काटा वर, मागे सरलात तरी काटा वर. 'मी अजून काहीच नाही' म्हणालात तर सगळ्यांत लांब काटा वर, कारण त्या वाक्यानंतर समोरच्याला 'छे छे, असं कसं, तुम्ही तर' असं म्हणावंच लागतं. म्हणतात ना ते?

या शेवटच्या सवयीबद्दल जरा जास्त बोलायचंय, कारण इथे आपल्या सगळ्यांची एक गफलत होते. स्वतःला कमी लेखणं म्हणजे नम्रता, असं आपण धरून चालतो. बौद्ध परंपरेत 'मान' नावाचं एक बंधन सांगितलंय. माणसाला जखडून ठेवणाऱ्या दहा बंधनांपैकी ते एक, आणि अगदी शेवटी, अर्हतपदालाच, म्हणजे पूर्ण मुक्त झाल्यावरच सुटणारं. त्या मानाचे प्रकार तीन. 'मी श्रेष्ठ आहे' हा पहिला, तो आपल्याला लगेच पटतो. 'मी बरोबरीचा आहे' हा दुसरा. आणि तिसरा, 'मी हीन आहे.' हाही मानच! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. कारण तिन्ही वाक्यांत मोजपट्टी तीच, आणि ती धरणारा हातही तोच. तुम्ही वरच्या टोकावरून स्वतःला उचललंत आणि खालच्या टोकाला नेऊन ठेवलंत. पण पट्टी काही सोडली नाहीत. दिवसभरात स्वतःला किती वेळा मोजलंत हे जर धरलं, तर रडत घरी आलेल्या त्या दिवशी आणि टाळ्या मिळाल्या असत्या तर त्या दिवशी, आकडा सारखाच आला असता.

अमानित्व हा शब्द तुमच्या वाचनात असेलच. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगायला सुरुवात होते ती याच शब्दानं, आणि लगेच पाठोपाठ येतं अदंभित्व. मला नेहमी वाटतं की हे दोन शब्द असे खेटून उगाच आलेले नाहीत. मान नको म्हणायला लागलं की पुढचंच पाऊल दंभात पडायची भीती असते, म्हणून दुसरा शब्द पहिल्याच्या हाताला धरून उभा केलाय. (हे माझं आपलं वाचन आहे. कुठल्याही टीकेत शोधायला जाऊ नका.) ज्ञानेश्वर तिथे अमानी माणसाचं चित्र काढतात: त्याचे खरेखुरे गुण कुणी वाखाणले तरी पारध्यानं कोंडलेल्या हरणासारखा तो गडबडून जातो. बृहस्पतीइतकी सर्वज्ञता अंगी आली तरी मोठेपणाच्या भयानं वेडेपणात दडतो. हे वाचून काही जण वेड्याचं सोंग घेतात. पण हरिण सोंग घेत नाही हो. त्याला खरोखर सुटायचं असतं. तुम्हाला मागे सरताना सुटायचं असतं का? की मागे सरलेलं दिसायचं असतं? उत्तर मला कळवू नका.

आता तुमच्या मुख्य मागणीकडे. मुळासकट मारायचा कसा. मला वाटतं, मारू नका. एक तर मारणारा कोण, हा प्रश्न येतो. 'मी माझा अहंकार मारला' या वाक्यात दोन 'मी' आहेत आणि मेलेला एकही नाही. दुसरं, शब्दच बघा. अहम् आणि कार, म्हणजे 'मी' असं करणारा. सांख्य तत्त्वज्ञांनी तत्त्वांची जी मांडणी केली, तीत बुद्धीनंतर अहंकार येतो आणि पुढे मन, इंद्रियं वगैरे. तिथे तो दुर्गुण नाही, एक काम करणारं तत्त्व आहे. हा घास माझ्या तोंडात घालायचा, शेजाऱ्याच्या नाही, एवढं कळायला तो लागतो. या पत्राखाली सही करायला लागतो. त्याला ठार करून तुम्हाला चालता येणार नाही. तुमचं भांडण खरं तर गर्वाशी, ताठ्याशी आहे, आणि मराठीत आपण या सगळ्यांना एकाच पोत्यात भरून 'अहंकार' म्हणतो, म्हणून नको त्याच्यावर काठी चालवत बसतो.

मग ताठ्याचं काय करायचं? इथे मी तुम्हाला एक थोडा नाजूक प्रश्न विचारते. तुम्हाला शिकवायचं होतं ना?

पाच पानांत हे वाक्य एकदाही नाही. निवड झाली नाही, असं आहे. तिची झाली, असं आहे. पण 'मला नवीन लोकांना शिकवायला आवडेल' असं तुम्ही गटातल्या कुणाला कधी म्हणालात, असं कुठेच दिसत नाही. इच्छा होणं यात अहंकार नाही. ज्याला जे येतं ते दुसऱ्याला द्यावंसं वाटणं ही चांगलीच गोष्ट. पण आपण मागायचं नाही, आपली योग्यता ओळखून लोकांनी आपल्या दाराशी यावं, आणि आल्यावर आपण 'मी कसली लायक' म्हणावं, मग त्यांनी आग्रह करावा, ही जी मिरवणूक मनात तयार असते, तिचा घोडा म्हणजे ताठा. साधं विचारायला फार नमतं घ्यावं लागतं, कारण समोरचा 'नाही' म्हणू शकतो. तेव्हा, गट चालवणाऱ्यांना एकदा सरळ विचारून टाका: मला शिकवायची इच्छा आहे, माझ्यात काय कमी वाटतं? ते म्हणतील तुमचं बोलणं नवीन माणसाला बोजड वाटतं, किंवा तुम्ही फार दुरुस्त्या काढता, किंवा म्हणतील, अहो, तुम्ही कधी म्हणालाच नाहीत! तिन्ही उत्तरं उपयोगाची आहेत. मला स्वतःला शेवटचं उत्तर येईल असा संशय आहे, पण पैज लावणार नाही.

आणि ती मुलगी. चांगदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असणार; लहानपणापासून ऐकतो आपण. परंपरा सांगते की चांगदेव 1400 वर्षांचे योगी, सिद्धी हात जोडून उभ्या. ज्ञानेश्वरांची कीर्ती कानावर आली, पत्र लिहायला घेतलं, आणि मायन्यावरच अडले. वयानं तो पोर, म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानानं मोठा. तीर्थरूप लिहावं, तर आपलं वय आडवं येतं. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं तप करून हा कोराच राहिला. आपण तिच्या फटकाऱ्यावर हसतो आणि पुढे जातो. पण त्या कोऱ्या कागदाला उत्तर गेलं, 65 ओव्यांचं, तेही फार मायेनं लिहिलेलं, हे विसरतो. शिवाय चांगदेवांनी खोटा मायना लिहिला नाही, हेही मला त्यांच्या बाजूचं वाटतं. जमत नव्हतं, तर कागद तसाच पाठवला.

तुम्ही मात्र सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्यात. तिथे थोडं थांबला असता तरी चाललं असतं. त्या मुलीबाबतीत आता कुठलंही मोठं, नजरेत भरणारं कृत्य करू नका, एवढंच माझं म्हणणं. तिच्या पहिल्या वर्गाला जाऊन नवशिक्यांच्या रांगेत बसायचा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल. मी ओळखते तो विचार, तो फार गोड असतो. नका जाऊ. सगळे तिच्याकडे बघायचे सोडून तुमच्याकडे बघतील आणि त्या पोरीचा तास वाया जाईल. तिनं काही विचारलं तर तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्या आणि थांबा. मी तुला शिकवलं होतं, हे आठवून द्यायची हुक्की आली तर येऊ द्या, जाऊ द्या. आतून जळणं पुढचे काही महिने राहील. राहू दे की. त्याची लाज वाटण्यात तुम्ही जेवढी ताकद घालवताय, तेवढी त्या जळण्यालाही लागत नाही.

झाडणं बंद करू नका. सभागृहात केर असतो आणि तो कुणीतरी काढायला हवा, झाडायला एवढं कारण पुरेसं आहे. दाराशी कुणी आहे का बघावंसं वाटलं तर बघून घ्या आणि पुन्हा केराकडे बघा. अहंकाराशी लढताना लक्ष अहंकारावरच राहतं, ही यातली खरी अडचण. केराकडे, समोरच्या माणसाकडे, हातातल्या कामाकडे लक्ष गेलं की तेवढा वेळ तो उपाशी राहतो. खेमकाच्या दृष्टान्तात कापड पुन्हा घासलं जात नाही, नुसतं पेटीत ठेवलं जातं, हे मला इथे आठवतं.

एक गोष्ट थोडक्यात, पण मनावर घ्या. तुमच्या अवस्थेतल्या माणसाला 'तुझा अहंकार मी ठेचतो' म्हणणारे भेटतात. चारचौघांत अपमान करणारा, प्रश्न विचारला की 'हा तुझा अहंकार बोलतोय' म्हणणारा, पैसे किंवा गुप्तता मागणारा, घरच्यांपासून तोडणारा माणूस कुठल्याही वेशात आला तरी तिथून निघा. नमणं तुमच्या हातात असतं. नमवलं जाणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि स्वतःला कमी लेखणं जर इतकं वाढलं असेल की झोप, भूक उडालीय, कशातच मन लागत नाही, तर ते साधनेचं लक्षण समजू नका, डॉक्टरांकडे जा.

आता मागचं पान.

'तुझ्याशी बोलायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.' ताई, तुमच्या पाच पानांत अहंकाराबद्दलचं सगळ्यांत नेमकं वाक्य हे आहे, आणि ते तुमचं नाही. तुम्ही ते ताजा कलमात टाकलंत आणि खाली लिहिलंत की त्यांना या मार्गाची ओढ नाही, म्हणून मनाला लावून घेत नाही. हा मार्ग न चालणाऱ्याला तुमच्याबद्दल बोलायचा अधिकार नाही, असंच झालं ना हे? त्या मुलीची निवड तुम्हाला टोचली, तिथे तुमचा अहंकार दुखावला गेला. पण या वाक्याच्या जागी तो दुखावलाही गेला नाही, इतका तो निवांत बसलाय. मला विचाराल तर तो राहतो तिथे. सभागृहात फक्त फिरायला येतो.

बेंजामिन फ्रँकलिन ऐन तरुणपणी स्वतःला सुधारायला निघाला होता, ते तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. अठराव्या शतकातला अमेरिकन मुद्रक, पुढे मोठा राजकारणी. त्यानं सद्गुणांची यादी केली, वही आखली, रोज चुकांच्या ठिकाणी ठिपके मांडले. (वहीचा रोग जुनाच.) यादीत आधी 12 गुण होते. मग क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्रानं त्याला सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादात नुसतं बरोबर असून तुझं भागत नाही, तू समोरच्याला दाबतोस, आणि त्यानं उदाहरणंही दिली. फ्रँकलिननं तेरावा गुण यादीत घातला: नम्रता. त्यासाठी त्यानं जे केलं ते अगदी किरकोळ वाटेल असं होतं. 'निश्चितच', 'निःसंशय' हे शब्द बोलण्यातून काढून टाकले. त्याऐवजी 'मला असं वाटतं', 'सध्या तरी मला असं दिसतं' असं म्हणायला लागला. कुणी चुकीचं बोललं तर तिथल्या तिथे तोडून टाकायचं सुख त्यानं स्वतःला नाकारलं. म्हातारपणी त्यानं कबूल केलं की खरी नम्रता मला फारशी साधली नाही, तिचा देखावा मात्र बऱ्यापैकी जमला. आणि कधी गर्व पूर्ण जिंकला असं वाटलंच, तर मला बहुधा माझ्या नम्रतेचाच गर्व होईल. पण त्याच्याशी बोलणं लोकांना सोपं झालं, हेही त्यानं नोंदवलंय. आतलं किती बदललं कोण जाणे, समोरच्याचा श्वास मोकळा झाला.

त्यानं मित्राचं बोलणं यादीत घेतलं. तुम्ही नवऱ्याचं बोलणं ताजा कलमात ठेवलंत.

तर एखाद्या संध्याकाळी, घाई नसेल तेव्हा, त्यांना विचारा की परीक्षेसारखं वाटतं म्हणजे कधी वाटतं, एखादा प्रसंग सांगा. आणि मग काही बोलू नका. हे कठीण जाईल. ते प्रसंग सांगतील आणि तुमच्याकडे प्रत्येक प्रसंगाची दुसरी बाजू तयार असेल. 'पण तेव्हा तुम्ही टीव्ही इतका मोठा लावला होता' हे खरंही असेल. ते त्या दिवशी खरंच राहू दे, बोलून दाखवू नका. लगेच माफीही मागू नका. घाईच्या माफीनं समोरच्याचं बोलणं बंद होतं आणि त्याला तुम्हाला समजावत बसावं लागतं. डोळ्यांत पाणी आलं तर पुसा, पण 'मी किती वाईट' हा पाढा म्हणू नका, कारण मग विषय पुन्हा तुम्ही. ते थांबले की अजून काही आहे का, एवढं विचारा. कदाचित ते म्हणतील, तू बोलतेस ते बरोबरच असतं गं, पण मी बोलत असताना तू मनात मला गुण देत असतेस. कदाचित दुसरंच काही सांगतील. मला ठाऊक नाही, मी त्यांना ओळखत नाही. तुम्ही ओळखता, किंवा 11 वर्षांपूर्वी तरी ओळखत होतात.

त्यांनी सांगितलेल्यातली एकच गोष्ट उचला, सगळ्यात लहान. वाक्य मध्येच न तोडणं असेल, ते चुकीची तारीख सांगत असताना ती दुरुस्त न करणं असेल, ध्यानातून उठल्यावर पहिली 10 मिनिटं घरात जो एक थंड, पवित्र आवाज लागतो तो न लावणं असेल. महिनाभर तेवढंच. वही घालू नका.

आणि हे सगळं मी साधनेचा भाग म्हणून करतेय, असं त्यांना सांगू नका.

तुमची,
बाई